गेमिंग लॅपटॉप पॉवर बँकवर चालतो का? एमएएच सोडा, वॅट बघा

मागच्या महिन्यात नांदेडहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरच्यांच्या मागे लागून गेमिंग लॅपटॉप घेतलाय आणि हॉस्टेलवर लाईट जाते म्हणून वैतागलाय. म्हणाला, "दादा, वीस हजार एमएएचची पॉवर बँक बघितलीय. लॅपटॉपची बॅटरी चार हजारचीच आहे. म्हणजे पाच वेळा फुल चार्ज होईल ना?"

मी त्याला म्हटलं, "अरे थांब, पैसे भरू नकोस. पाच वेळा नाही, जेमतेम एकदा होईल. तेही लॅपटॉपने ती पॉवर बँक स्वीकारली तर."

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण हा हिशोब बहुतेक जण असाच चुकतात. मीही चुकलो होतो.

एमएएचचा घोळ

एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, त्याच्यासोबत व्होल्टेज लागतं. पॉवर बँकेवर छापलेला आकडा आतल्या सेलच्या व्होल्टेजवर, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. फोनची बॅटरीही जवळपास तेवढ्याच व्होल्टची असते, म्हणून फोनच्या बाबतीत एमएएचला एमएएचने भागून अंदाज बरा येतो. लॅपटॉपच्या बॅटरीत मात्र तीन किंवा चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि तिचं व्होल्टेज ११ ते १५ च्या घरात जातं. त्यामुळे तिचे चार हजार एमएएच आणि पॉवर बँकेचे चार हजार एमएएच ही तुलनाच होत नाही.

दोन्हीकडे चालणारं माप म्हणजे वॅट-अवर. एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-अवर. भावाच्या लॅपटॉपची बॅटरी ३,९०० एमएएच आणि १५.४ व्होल्टची, म्हणजे ६० वॅट-अवर. आता ७४ मधले सगळे ७४ पोचत नाहीत. पॉवर बँक ३.७ व्होल्टचे २० व्होल्ट करते, लॅपटॉप ते पुन्हा स्वतःच्या बॅटरीच्या मापात आणतो आणि दोन्ही वेळा थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पाचवा हिस्सा, कधी चौथा हिस्सा असाच उडतो. उरले ५५ ते ६०. म्हणून जेमतेम एकदा.

पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, ती वाचायची सवय लावा. तो आकडा समोरच्या मोठ्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो आणि तो जास्त खरा असतो.

साठा किती हे कळलं, पण वेग?

टाकी मोठी असून नळ बारीक असेल तर काय उपयोग? नळ म्हणजे वॅट.

तुमच्या लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बघा. '२० व्होल्ट, ११.५ अँपिअर' असं काही लिहिलं असेल तर गुणाकार २३० वॅट होतो. गेमिंग लॅपटॉपचे अडॅप्टर १८० ते ३३० वॅटच्या दरम्यान सर्रास मिळतात. याउलट बाजारात सगळ्यात जास्त खपणारी पॉवर बँक २२.५ वॅटची असते. ती फोनसाठी बनलेली आहे आणि बऱ्याचदा २० व्होल्ट देतच नाही, ९ किंवा १२ वर थांबते. बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात, नाही मिळाले तर ते सरळ दुर्लक्ष करतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे माहीत असूनही मी गुरुवारीच घरून डेटाबेस मायग्रेशन चालवायला घेतलं. जवळ माझी लाडकी २२.५ वॅटची पॉवर बँक होती. लाईट गेली, मी केबल लावली, पॉवर बँकेचा दिवा लागला आणि मी निश्चिंत झालो. स्क्रीनवरचं चार्जिंगचं चिन्ह क्षणभर येऊन गेलं होतं हे बघितलंच नाही. बॅटरी १८ टक्के होती. अर्ध्या टेबलांचं काम झालं आणि लॅपटॉप बंद! रात्री साडेबारापर्यंत टीममधली एक सिनिअर ताई माझं निस्तरत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

असो.

तुमचा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो का?

पॉवर बँक शोधण्याआधी हे बघा, कारण उत्तर 'नाही' असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे तो त्यातून चार्ज होतोच असं नाही. कित्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये तो पोर्ट फक्त डेटा आणि मॉनिटरसाठी असतो. दोन पोर्ट असतील तर कधीकधी त्यातला एकच चार्जिंग घेतो. कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत त्या पोर्टसमोर 'पॉवर डिलिव्हरी' असे शब्द आणि वॅटचा आकडा आहे का ते शोधा. पोर्टशेजारी विजेचं चिन्ह दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते बऱ्याचदा थंडरबोल्टचं असतं.

पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही यूएसबीची ठरलेली पद्धत आहे. केबल लावली की दोन्ही उपकरणं आधी आपसात बोलतात, मला इतके व्होल्ट हवेत, तुझ्याकडे आहेत का, आणि मग वीज सुरू होते. या पद्धतीत बरीच वर्षं कमाल १०० वॅट मिळायचे. २०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ ने ती मर्यादा २४० पर्यंत नेली. पण बाजारातल्या लॅपटॉपच्या पॉवर बँका आजही बहुतांशी ६५, १०० किंवा १४० वॅटच्या आहेत.

केबलही महत्त्वाची आहे. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतच. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. १०० वॅटची पॉवर बँक घेऊन फोनच्या डब्यातली केबल वापरली तर १०० मिळणार नाहीत.

टाइप-सीतून गोल किंवा चौकोनी पिन बाहेर काढणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात. त्यातून जास्तीत जास्त १०० वॅट येतात आणि २३० वॅटच्या अडॅप्टरची सवय असलेला लॅपटॉप त्यावर कसा वागेल ते मॉडेलवर अवलंबून असतं. काही लॅपटॉप पिनमधून अडॅप्टर ओळखतात आणि अनोळखी दिसला की चार्जिंग नाकारतात. माझ्या मते सत्तर-ऐंशी हजारांच्या मशीनवर हा प्रयोग करू नये.

गेम चालेल का, आणि किती वेळ?

समजा सगळं जुळलं. २७,००० एमएएचची, म्हणजे साधारण १०० वॅट-अवरची आणि १०० वॅट देणारी पॉवर बँक आहे, लॅपटॉप पीडी घेतो. नुकसान वजा जाता ७५ ते ८० वॅट-अवर हातात येतात.

कोडिंग, पीडीएफ, ब्राउझर अशा कामाला, ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असेल तर, लॅपटॉप १५ ते २० वॅट खातो. म्हणजे चार-पाच तास जादा मिळाले. हे मस्तच आहे.

मोठा गेम लावला की हाच लॅपटॉप दीडशे वॅटवर जातो. पॉवर बँकेतून १०० येतात आणि वरचे ५० लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीतून काढतो. पाऊण तासात पॉवर बँक रिकामी, आणि ६० वॅट-अवरची बॅटरीही एक तृतीयांश उरलेली. काही लॅपटॉप असं करत नाहीत. अडॅप्टर कमी ताकदीचा आहे हे ओळखून ते ग्राफिक्स कार्डचाच वेग कमी करतात आणि फ्रेम्स धाडकन खाली येतात. दोन्हीपैकी काय होईल हे कंपनीने ठरवलेलं असतं. गेमसाठी म्हणून पॉवर बँक घेणार असाल तर माझं सरळ उत्तर नाही असं आहे.

गेमच खेळायचा असेल तर सॉकेट असलेलं पॉवर स्टेशन लागतं, प्युअर साइन वेव्हवालं. ३०० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन २०० वॅटच्या लोडवर सव्वा तासाच्या आसपास जाईल. तीन-चार किलोचं ते धूड कॉलेजच्या बॅगेत न्यायचं का, हे तुम्ही ठरवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर किती वॅट झेपतात ते आधी बघा.

वापरताना

पॉवर बँक लावली की विंडोजला वाटतं लॅपटॉप प्लगला जोडलाय, आणि बॅटरी सेव्हर आपोआप बंद होऊ शकतो. म्हणून मोड हाताने सायलेंट किंवा इकोवर न्या, स्क्रीन १४४ वरून ६० हर्ट्झवर आणा, कीबोर्डची रंगीबेरंगी लायटिंग बंद करा. बॅटरी १० टक्के होईपर्यंत वाट बघू नका, भरलेली असतानाच केबल लावा. मग वीज थेट लॅपटॉपला जाते, बॅटरीत शिरून पुन्हा बाहेर पडण्याचं नुकसान वाचतं. त्याच वेळी दुसऱ्या पोर्टला फोन लावला तर वॅट वाटले जातात, १०० चे ६५ होतात, हेही लक्षात असू द्या.

१०० वॅटवर पॉवर बँक चांगलीच तापते. गादीवर, उशीखाली, बंद बॅगेत ठेवून चार्जिंग अजिबात नको. घेताना बीआयएसचं चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नंबर बघा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते तपासता येतं. एका मिनिटाचं काम आहे.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० साठी एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. २७,००० हा विचित्र आकडा इतक्या पॉवर बँकांवर का दिसतो, ते आता कळलं असेल. ५०,००० एमएएचवाली १८५ वॅट-अवर होते, ती घरीच राहील.

भावाला मी लॅपटॉपच्या पोर्टचा फोटो आणि मॉडेल नंबर पाठवायला सांगितलं. पंधरा मिनिटांत कळलं की त्याचा टाइप-सी फक्त डेटाचा आहे. "म्हणजे घेऊच नको?" "नको." सध्या लाईट गेली की तो जनरेटर असलेल्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बसतो, आणि वाचलेल्या पैशांतून त्याने नवा माउस घेतलाय. अभ्यासासाठी, असं मावशीला सांगितलंय.