नाव बदलली, नाव राहिलं

वर्सोव्याच्या, म्हणजेच वेसाव्याच्या, जेट्टीवर तुम्ही उभे आहात. ओहोटी लागली आहे. खाडीपलीकडे मढ, मागे वलांडीवर वाळणारे बोंबील, आणि समोर चिखलात कलती एक होडी. सुतार तिची कुजलेली फळी उखडतोय. नाखवा सांगतो, ‘‘आमच्या आज्याची होडी.’’ तुम्ही विचारता, आज्याच्या वेळची फळी यातली कुठली? तो क्षणभर थांबतो. शीड गेलं, इंजिन आलं, फळ्या तर कितीदा बदलल्या. नाव बदलत गेली, नाव तेवढं राहिलं.

डोळे मिटा. इंजिनांचा आवाज मागे पडू द्या.

साल १७३९. मढच्या टोकावरच्या वेसाव्याच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज निघून गेलेत, आत मराठे आहेत. तुमच्या तळहातांना जाळ्याच्या दोरीचे घट्टे पडले आहेत. याच किनाऱ्यावर एक कोळी छातीवर क्रूस काढतो, दुसरा दर्याला नारळ देतो. दोघांची भरतीची वेळ एकच. तुमच्या हातून यातलं काय घडतं, ते तुम्ही कोणत्या घरात जन्मलात यावर ठरलेलं आहे. तरी ‘माझा देव’ म्हणताना तुमचा आवाज जराही डळमळत नाही. तो खोटा आहे, असं मला म्हणवत नाही.

आणखी मागे चला, घाट चढून. इसवी सनाचं पहिलं शतक, वलूरक, म्हणजे आजचं कार्ले. छिन्नीची धूळ तुमच्या घशात बसते. डोंगर पोखरून चैत्यगृह घडतंय. धेनुकाकटाहून आलेल्या यवनांनी खांब दान दिलेत आणि खांबांवर त्यांची नावं कोरली जातायत. जिथे सगळं अनित्य आहे असं शिकवतात, तिथेच माणसं आपलं नाव दगडात ठेवू पाहतात! मला या विसंगतीची फार माया वाटते. मिलिंद या यवन राजाला भिक्षू नागसेनाने रथावरूनच तर विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजाला कुठेच रथ दाखवता आला नाही. वेसाव्याच्या नाखव्यालाही होडी दाखवता आली नव्हती.

आता वर बघा. दगडी छताखाली सागवानी कमानी चढवतायत. त्या छताला पेलत नाहीत, दगडाला त्यांची गरजही नाही. खालून पाहिलं की उलटी घातलेली होडी वाटते.

परत या. त्याच चैत्याच्या तोंडाशी एकवीरा आहे, कोळ्यांची आई. भिक्षू गेले, यवन गेले, धेनुकाकट नक्की कुठे होतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. चैत्रात मात्र कोळीवाड्यांतून माणसं पालखीला डोंगर चढतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना दर्याने तो स्वीकारला का, हे कोणी तपासत बसत नाही. होडी लोटली जाते. त्या लोटण्यालाच मी श्रद्धा म्हणतो. ‘मी कोण’ याचं उत्तर हाती नसताना ती होते, म्हणून मला तिच्यापुढे वाकावंसं वाटतं.

पुढच्या वेळी कार्ल्याला गेलात तर आईची ओटी भरून झाल्यावर तसेच मागे फिरू नका. चैत्यात जा आणि मान वर करा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी कमानी अजून तिथे आहेत.