पवनाकाठच्या एका गावाची वावरे

राजवंशांच्या इतिहासाने बखरी भरल्या. कुणब्याच्या वावराचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहिला. पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाला तो मान लाभला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मॅन यांनी या गावाची पाहणी करून ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत, १७७१ साली, येथील सरासरी खाते ४० एकरांचे होते. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले, आणि १९१५ च्या सुमारास अवघ्या ७ एकरांवर. तेही सलग नव्हे! १५६ खाती ७२९ तुकड्यांत विखुरलेली. पैकी ४६३ तुकडे एकराहूनही लहान.

याचा दोष कुणब्याच्या अडाणीपणाला देण्याची शहरी रीत आहे. ती अन्यायाची होय. भावाभावांच्या वाटणीत एकाला नदीकाठची मळी आणि दुसऱ्याला उघडा माळ देणे कोणाच्या मनास रुचावे? म्हणून प्रत्येक वावराचेच वाटे पडत. न्याय राखला जाई; पण बांध वाढत, औत वळविण्यास जागा उरत नसे, आणि एवढ्याशा तुकड्यात विहीर खणणे कोणास परवडत नसे. तुकडेबंदीचा कायदा झाला तो १९४७ साली. पुढे पिंपरी-चिंचवड शहराने हे गावच पोटात घेतले, आणि तेथील जमिनीचा भाव चौरस फुटावर होऊ लागला.