मागच्या भिंतीतली दोन भोकं : स्टर्नड्राइव्ह बोटीच्या धुराचा इतिहास

जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीत नवं इंजिन बसवणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. आधीच्या इंजिनाचा धूर बोटीच्या मागच्या भिंतीतल्या दोन भोकांतून बाहेर जायचा, नव्याचा मात्र पंख्याच्या मधून, पाण्याखाली जातो. मग या रिकाम्या भोकांचं करायचं काय? बूच मारा आणि विसरून जा, हे उत्तर सोपं आहे. पण ती भोकं तिथे का आली हे पाहिलं, की ते अपुरं का आहे तेही कळतं.

१९५९ च्या आधी छोट्या मोटरबोटींना मुख्यतः दोन पर्याय होते. एक, मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. दुसरा, बोटीच्या पोटात बसवलेलं ताकदवान इंजिन. पण त्याचा दांडा तळातून बाहेर येणारा आणि पक्का, म्हणजे उथळ पाण्यात पंखा वर उचलायची सोय नाही. जिम विन या अमेरिकन इंजिनिअरने या दोघांचा मेळ घातला: इंजिन आत, आणि वळणारा, वर उचलता येणारा पाय बाहेर. विन आधी मर्क्युरी इंजिनं बनवणाऱ्या कीकहेफर कंपनीत होता, पण त्याची कल्पना बाजारात आणली ती स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात 'अ‍ॅक्वामॅटिक' लोकांसमोर आली. पाठोपाठ १९६१ मध्ये मर्क्युरीने 'मर्क्रूझर' आणली.

आता इंजिन आत आणि पाणी बाहेर, मध्ये फक्त एक भिंत. धूर बाहेर काढायचा तर ती ओलांडायलाच हवी. इथे बोटीची एक खास युक्ती येते. इंजिन थंड करून झालेलं पाणी धुराच्या पाइपातच सोडतात. त्यामुळे धूर इतका निवतो की पुढे रबरी पाइपही चालतो, आणि आवाजही कमी होतो. पण याचा अर्थ असा, की धुराची वाट ही पाण्याचीही वाट असते. इंजिन बंद पडलं आणि मागून लाट आली, तर तेच पाणी उलटं आत शिरू शकतं. म्हणून या वाटेवर रबरी झडपा बसवतात. रबर उष्णतेने कडक होतं, तडकतं, आणि झडप नावापुरती उरते.

धुराला दोन वाटा मिळाल्या. सरळ भिंतीतून काढला तर रस्ता मोकळा, पण आवाज मोठा. पायातून खाली नेऊन पंख्याच्या मधून सोडला तर शांतता. काही बोटींत दोन्ही वाटा असतात आणि चालवणारा खटका दाबून निवडतो. इंजिन बदलताना पहिली वाट सोडून दुसरी धरली, की भिंतीतली भोकं पोरकी होतात.

ती किती धोकादायक? साधं गणित करू. १०० मिमी व्यासाचं भोक पाण्याखाली १५ सेंटीमीटरवर उघडं राहिलं, तर मिनिटाला साधारण ४८० लिटर पाणी आत येतं. छोट्या बोटीतला तळाचा पंप मिनिटाला ७० लिटरच्या आसपास उपसतो. म्हणजे धक्क्याला बांधलेली बोट रात्रीतून बुडायला हे पुरेसं आहे. एरवी ते भोक पाण्याच्या वर असेलही. पण मागे चार माणसं बसली की बोटीची शेपटी खाली जाते.

म्हणून बूच नव्हे, भिंतच परत बांधायची. भिंतीच्या आतलं प्लायवुड कुजलंय का ते आधी बघायचं, कारण ओलं लाकूड आत कोंडलं तर ते आतच सडतं. मग फायबरच्या कडा तासून उतार द्यायचा. प्रचलित प्रमाण जाडीच्या बारापट, म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी उतार. त्यावर इपॉक्सी आणि कापडाचे थर. आतल्या पाइपाची सुटी शाखाही इंजिनाच्या बाजूने बंद करायची, नाहीतर धूर बोटीच्या पोटातच सुटेल. आणि सावकाश चालताना धूर सुटावा म्हणून काही ड्राइव्हना छोटी भोकं ठेवलेली असतात. ती 'बिनकामाची' नाहीत, त्यांना हात लावायचा नाही.

पण पाणी थांबलं म्हणजे प्रश्न संपला असं नाही, कारण धूर कुठेतरी जाणारच. अमेरिकेतल्या लेक पॉवेल या जलाशयात १९९० ते २००० या काळात बोटींवरच्या कार्बन मोनॉक्साइड विषबाधेच्या १११ घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या ७४ हाउसबोटींवरच्या होत्या, आणि या ७४ पैकी ७ जण दगावले. बहुतेकदा कारण होतं जनरेटरचा धूर. काही बोटींत तो मागच्या पोहण्याच्या फळीखालच्या पोकळीत सोडला जाई. त्याच पाण्यात मुलं पोहत. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. तपासानंतर संशोधकांनी धुराचं तोंड बोटीच्या छताच्याही वर नेणारी उभी चिमणी तपासली आणि सुचवली. पुढे कॅलिफोर्नियाने चालत्या बोटीच्या मागच्या फळीला धरून तरंगण्यावर बंदी घातली.

स्टर्नड्राइव्ह आणि जनरेटर या वेगळ्या गोष्टी, पण धडा एकच. आवाज नको म्हणून धूर पाण्याखाली नेला, पाणी नको म्हणून झडप लावली. प्रत्येक वेळी प्रश्न जागा बदलून पुढे गेला. तेव्हा भोक बुजवण्याआधी एवढं विचारा: आता धूर कुठून बाहेर पडेल, आणि तिथे कोण उभं असेल? आणि नवं इंजिन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा मागच्या फळीवर कुणाला बसू देऊ नका. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.