'टँक'चे कूळ

सतराव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या लिखाणातून 'टँक' हा शब्द इंग्रजीत रुजला. तेव्हा त्याचा अर्थ तलाव असा होता. मुंबईतल्या सी. पी. टँक आणि गवालिया टँक या नावांत तोच अर्थ आहे. तिथे पूर्वी तलाव होते.

इंग्रजांनी तो घेतला कोणाकडून, हा खरा वाद. एक पक्ष गुजराती 'टांकुं' आणि मराठी 'टांके' यांचा, दुसरा पोर्तुगीज 'तांके'चा. पोर्तुगीज पक्षाचा पुरावा भक्कम आहे. वास्को द गामाच्या 1498 च्या सफरीच्या वृत्तांतात कालिकतमधल्या तळ्याला हाच शब्द वापरला आहे. नुकत्याच किनाऱ्याला लागलेल्या खलाशांनी मलबारात गुजराती शब्द उचलला असेल, हे पटत नाही. शिवाय स्पॅनिशमध्ये तळ्याला 'एस्तांके' म्हणतात आणि 'एस्तांकार' म्हणजे वाहते अडवणे.

म्हणून 'टांके' पोर्तुगीजांनी दिले असे मात्र नव्हे. राजस्थानच्या वाळवंटातही पावसाचे पाणी साठवण्याच्या कुंडाला 'टांका'च म्हणतात, आणि तिथे पोर्तुगीज सत्ता कधी पोहोचली नाही. काही जण 'तडाग'कडे बोट दाखवतात. पण तडागाचा वंशज 'तलाव', 'टांके'तला अनुस्वार त्यातून निघत नाही. मराठीत पाथरवटाच्या छिन्नीलाही 'टाकी' म्हणतात, संस्कृतात 'टंक'. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी अखंड कातळात खोदलेली आहेत. टाकीने खोदले ते टाके, हीच व्युत्पत्ती सर्वांत सरळ. अडचण एकच: कान्हेरीच्या प्राकृत लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. म्हणजे वस्तू जुनी, हे नाव तिला मागाहून चिकटले असावे.

तेव्हा निवाडा असा, की दोन वेगळ्या कुळांचे शब्द पश्चिम किनाऱ्यावर भेटले, आणि नाद व अर्थ दोन्ही जुळल्यामुळे इंग्रजीत ते एकच झाले.

पुढे तलावाचा अर्थ मागे पडून हौदाचा, पिंपाचा अर्थ वर आला. 1915 च्या अखेरीस ब्रिटिशांनी आपले नवे चिलखती वाहन गुप्त राखण्यासाठी पाण्याच्या टाकीचे हे नाव त्याला दिले. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या लढाईत ते प्रथम उतरले. मराठीने त्यासाठी 'रणगाडा' हा स्वतःचा शब्द घडवला. पाण्याच्या बाबतीत मात्र इंग्रजी रूपच परत आले: ज्या गावातली टाकी आटली, तिथे उन्हाळ्यात टँकर येतो.