दुभाषा सांबा

मढ ज्या जुन्नर तालुक्यात आहे, तिथेच नाणेघाट आहे. तिथला सातवाहनांचा लेख दगडावर आहे, पण ब्राह्मी येणाऱ्यालाच तो वाचता येतो. संगणकाचंही तसंच, मंडळी. आयबीएमच्या १९८७ सालच्या ओएस-टू प्रणालीत सामाईक फोल्डर उघडायला ‘एसएमबी’ ही बोली लागे. कॅनबेराचा विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल याने तारेवरून जाणारे निरोप न्याहाळून १९९२ मध्ये तिचा दुभाषा रचला. तोच पुढे ‘सांबा’ झाला. २०१७ साली वॉनाक्रायने जुन्या बोलीतलं भगदाड दाखवलं. नव्या विंडोजमध्ये ती बंद झाली, जुनं यंत्र एकटं पडलं. अशा वेळी मध्ये सांबाचं यंत्र ठेवावं, जुनी बोली त्या दोघांपुरतीच ठेवावी आणि इंटरनेटपासून तोडावी. नाहीतर दस्तऐवज शाबूत, वाचणारा नाही, अशी गत व्हायची.