पुरचुंडीतलं सरबत

प्रवासात ताजं पेय तयार करता यावं म्हणून आज किती तरी उपकरणं निघाली आहेत. बॅटरीवर फिरणारी भांडी आहेत, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत. मला मात्र अशा वेळी आमच्या रत्नागिरीकडचं एक फार जुनं साधन आठवतं. त्याला वीज लागत नाही, आणि त्याच्या कर्त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. ते म्हणजे कोकमाचं सोल.

रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकतो. फळ नाशवंत, आणि मागे पाऊस टपलेला. फळ फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा. गराला मीठ लावलं की रस सुटतो. त्या रसात साली बुडवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं काही दिवस चाललं की सालीत आंबटपणा मुरतो आणि रंग काळपट लाल होतो. माझ्या लहानपणी हे काम आमच्या मोहल्ल्यातही चाले आणि शेजारच्या वाडीतही. अंगणात सुपं मांडलेली असत आणि बायांचे हात महिनाभर जांभळे दिसत.

आता यातली योजना बघा. पेयातला जड भाग म्हणजे पाणी. ते वाटेवरच्या विहिरीवर, नदीवर मिळतं. मग पाठीवर कशाला वाहायचं? वाहायचा तो फक्त अर्क, तोही सुका. पुरचुंडीत चार सोलं, गुळाचा खडा, हातात फिरकीचा तांब्या. पाण्यात सोलं भिजली, गूळ विरघळला की सरबत तयार. मीठ, आम्लता आणि ऊन या तिघांमुळे सोल वर्षभर टिकतं.

ही साल समुद्रापारही गेली होती. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात या फळाची नोंद आहे, आणि व्हिनेगर करण्यासाठी त्याच्या साली जहाजातून पोर्तुगालला नेल्याचाही उल्लेख आहे. मात्र कोकमाचं शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’ त्याच्यावरून आलेलं नाही. ते लॉरें गार्सें या अठराव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकावरून आलं आहे.

जहाजावर काय प्यावं, हा प्रश्न युरोपलाही छळत होता. जोसेफ प्रीस्टली यांनी पाण्यात वायू मिसळण्याची कृती १७७२ साली प्रसिद्ध केली, ती खलाशांच्या स्कर्व्हीवर उपाय होईल या आशेने. ती आशा फोल ठरली, पण त्यातून जगाला सोडा मिळाला. १८६७ साली लॉकलन रोझ यांनी मद्य न घालता साखरेने लिंबाचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. आमच्याकडे आगळात हेच काम मीठ करतं, आणि अमृतकोकमात साखर.

कवी असल्यामुळे मला शब्दांचा प्रवासही मोह घालतो. अरबीत ‘शरिब’ म्हणजे तो प्यायला. त्याच धातूपासून शरबत झालं, औषधाचं सिरप झालं आणि शराबही झाली! कोकणातला खलाशी बोटीवर निघाला की सामानात सोलं असत. रमजानमध्ये रोजा सोडताना आमच्याकडे कोकम सरबताचा पेला असे, आणि शेजारच्या ब्राह्मणाच्या घरी उपासाला तेच सरबत चाले. फळ एकच आणि तहानही एकच.

रोझ यांचं नाव पेटंटावर राहिलं. सोलाचं पेटंट कोण घेणार? २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एका माणसाचं नसून मुलखाचं आहे, हे योग्यच झालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जातीही दिल्या.

पण मुलूख म्हणजे शेवटी माणसं. पाऊस दारात येण्याआधी फळं उतरवायची, फोडायची आणि वाळवायची असतात. हे काम बहुतेक बायाच करतात, आणि त्यांच्या कष्टाचा दाम बाटलीवरच्या किमतीत शोधावा लागतो. बाटलीवर गावाचं नाव आलं. आता त्या जांभळ्या हातांच्या पदरातही त्यातलं काही पडलं पाहिजे. नाही तर पुढच्या पिढीतली मुलगी सूप उचलणार नाही, आणि रातांबे झाडाखाली पावसात कुजून जातील.