वारली चित्र : संग्रहालयातील आस्वाद

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगर हवेलीत राहणाऱ्या वारली आदिवासींची भित्तिचित्रपरंपरा. संग्रहालयात दिसणारी कागद-कापडावरील वारली चित्रे हे तिचे १९७० नंतरचे रूप होय.

मूळ रूप : लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी चौक, म्हणजे विधीचे चौकोनी चित्र, लिहितात. कारवीचा कूड माती-शेणाने लिंपून गेरूने रंगवतात. पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ हा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी हा कुंचला. नक्षीदार चौकटीत सुफलतेची पालघट देवी असते, तर शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी गाण्यांतून देवांना बोलावते. चित्र हा विधीचाच भाग असतो, जपून ठेवायची वस्तू नव्हे.

स्थित्यंतर : १९७०च्या दशकाच्या आरंभी हस्तकला-संवर्धक पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात गेले आणि त्यांनी वारली कलावंतांना कागद पुरवला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीपलीकडचे विषय हाताळले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांच्या हातची विधिकला अशा रीतीने बाजारात प्रामुख्याने पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आस्वाद : वारली चित्रात क्षितिजरेषा किंवा यथार्थदर्शन शोधू नये. दोन त्रिकोणांची माणसे, झाडे, मुंग्या, पक्षी एकाच पातळीवर वावरतात. तारपा या फुंकवाद्यावरच्या नृत्यात वादकाभोवती वळत जाणारी नर्तकांची रांग नजरेला फिरवत ठेवते. म्हसे यांच्या चित्रांतील मासेमारीच्या जाळ्यांत बारीक रेघांच्या दाटीतून हालचाल निर्माण होते. रेषेचा जाडबारीकपणा आणि मोकळी सोडलेली जागा यांवरून कसबी हात ओळखता येतो. ठरावीक आकृत्यांची यांत्रिक पुनरावृत्ती, ही बाजारू नकलेची खूण.

तुलना : ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडचे आदिवासी निलगिरीची साल विस्तवावर सपाट करून तिच्यावर मातीच्या रंगांनी चित्रे काढतात. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या १९८९च्या ‘मॅजिसियां द ला तेर’ प्रदर्शनात म्हसे आणि साल-चित्रकार जॉन मावुर्नजुल या दोघांचीही चित्रे होती. आर्नहेम लँडमध्ये कुळाच्या पवित्र आकृत्या रंगवण्याचा हक्क वारशाने मिळतो. याच हक्काच्या बळावर १९६३ मध्ये तेथील यिर्कालाच्या योल्ङु लोकांनी जमिनीच्या हक्काचे निवेदन चित्रित सालीवर चिकटवून संसदेकडे पाठवले. याउलट, वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्यांची नक्कल सर्रास होते.

संग्रह : पुण्याचे आदिवासी सांस्कृतिक संग्रहालय, दिल्लीचे राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आणि जपानमधील तोकामाची येथील मिथिला संग्रहालय येथे वारली चित्रे आहेत. चित्राखालच्या पाटीवर ‘वारली’ एवढेच लिहून भागत नाही. कलावंताचे नाव, गाव, प्रसंग आणि माध्यम यांची नोंद असेल तरच चित्राचा पूर्ण अर्थ लागतो.